वाढदिवसाचे आशयसूत्र

मराठी समीक्षेत ‘थीम’साठी ‘आशयसूत्र’ हा प्रतिशब्द आता चांगला रुळला आहे. फळ्यावर तो लिहिला की विद्यार्थी निमूटपणे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत ‘या कादंबरीची आशयसूत्रे स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली दहा-बारा ओळी लिहून मोकळे होतात. गेल्या वर्षी मात्र हा शब्द मला वर्गाबाहेर भेटला. पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीतल्या एका दुकानात. मुलीच्या पाचव्या वाढदिवसासाठी टोप्या आणि फुगे घ्यायला गेले होते. दुकानदाराने मान वर न करता विचारले, “थीम कोणती?” नायिकेचे एकाकीपण, परंपरा आणि आधुनिकता यांचा संघर्ष, अशी उत्तरे सवयीने ओठांवर आली. ती गिळून मी म्हटले, “बस.” त्याला वाटले, मी त्याला थांबायला सांगते आहे.

उत्तर माझे नव्हते, मुलीचे होते. तिला विचारले तेव्हा तिने बर्फाच्या महालातली राजकन्या मागितली नाही, छोटा भीम मागितला नाही. रोज शाळेत जाताना दिसणारी बस मागितली. गैरसमज दूर झाल्यावर दुकानदाराने ‘वाहने’ या सदरातले एक पाकीट काढून दिले. त्यात टोप्या, कागदी बशा, हातरुमाल, पताका, केकवर खोवायची काडी, सगळे होते, आणि प्रत्येक वस्तूवर लंडनची तांबडी दुमजली बस छापलेली होती. पंचवीस रुमाल, पंचवीस वेळा तीच बस. पुण्यात राहणाऱ्या आणि स्वारगेटला गर्दीत चेंगरलेल्या मुलीने मागितलेल्या बसचा त्या बसशी चाकांपलीकडे काही संबंध नव्हता.

आपल्या परिभाषेत बोलायचे तर ही थीम नव्हेच. हा फार तर छाप, पुनरावृत्त होणारे एक चिन्ह. साहित्यकृतीतले आशयसूत्र कोठेही छापलेले नसते. ते वाचकाला शोधावे लागते, दोन वाचकांना ते वेगवेगळे सापडू शकते, आणि लेखकाने ते प्रत्येक पानावर ठसठशीतपणे सांगायला सुरुवात केली की आपण त्याला प्रचारकी म्हणतो. वाढदिवसाच्या बाजारात हेच उलट आहे. तेथे पाहुण्याला शोधण्यासारखे काही उरू नये याची काळजी घेतलेली असते. रोलां बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटे टिपण लिहिले आहे. त्याच्या काळच्या फ्रान्समधली खेळणी नेहमी कशाचा तरी अर्थ सांगतात आणि तो अर्थ मोठ्यांच्या जगातून आयता आणलेला असतो. त्यामुळे मूल त्या वस्तूचे मालक होते, वापरणारे होते, निर्माता होत नाही, असे त्याचे म्हणणे. साधे लाकडी ठोकळे मात्र त्याला वेगळे वाटतात. बार्थला बोहरी आळीत हिंडवायला हवे होते असे मला त्या दिवशी वाटले.

पाकीट मी घेतले नाही. घरीच बस करायची ठरवली.

स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे पाश्चात्त्य खूळ आहे. आमच्या वेळी पाटावर बसवून औक्षण करायचे, आई गोडाचे करायची, संपले.” हा आक्षेप इतक्यांदा ऐकला आहे की त्याला उत्तर देणे अगत्याचे वाटते. मेणबत्ती विझवणे शुभ की अशुभ या वादात मला शिरायचे नाही. त्यावर वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत पुरेशी शाई सांडून झाली आहे. पण घरगुती समारंभाला विषय असावा ही कल्पना आपण आयात केली, हे साफ चूक आहे. डोहाळजेवण झोपाळ्यातले असते, नावेतले असते, चांदण्यातले असते. फुलांची वाडी भरतात, धनुष्यबाणाची आरास करतात. आणि बोरन्हाण? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी लहान मुलाला काळे झबले घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, मुकुट, बाजूबंद, हातात हलव्याचीच बासरी. म्हणजे वेशभूषा ठरलेली, रंग ठरलेला, खाणे ठरलेले आणि गल्लीतली सगळी मुले आमंत्रित. याला थीम पार्टी म्हणायचे नाही तर काय?

पण बोरन्हाणाकडे जरा बारकाईने पाहावे. मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा यांचे माप ओतले जाते आणि त्याच क्षणी आरास मोडते. भोवतालची मुले त्या राशीवर तुटून पडतात. खिसे, ओचे, मुठी भरतात. ज्याचे बोरन्हाण ते मूल बहुधा गोंधळून रडत असते किंवा स्वतःचीच बासरी चोखत असते. कृष्णाचे अलंकार अर्ध्या तासात चिकट होऊन गळतात. आणि कोणाचीही तक्रार नसते, कारण हे सारे लुटण्यासाठीच मांडलेले असते. समारंभाचा विषय म्हणजे ऋतू. शेतात आणि बाजारात त्या आठवड्यात जे आलेले असते तेच डोक्यावरून ओतले जाते. आजच्या आरासीला कोणी हात लावला तर आई धावत येते, “अरे, फोटो व्हायचाय अजून!” हे मी तुच्छतेने लिहीत नाही. पुढे काय घडले ते वाचल्यावर वाचकांची तशी समजूत राहणारही नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एस. टी.त कंडक्टर होते. त्यांची जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रात ज्या पिढीला खरी जन्मतारीख नाही त्या पिढीची ही सार्वजनिक जन्मतारीख आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले, घरच्यांना सांगता आले नाही, मास्तरांनी १ जून लिहून टाकले. अण्णांच्या आयुष्यात त्या तारखेला महत्त्व एकदाच आले, ३१ मे रोजी सेवानिवृत्त होताना. आणि त्या दिवशीही त्यांच्याबरोबर निवृत्त होणाऱ्यांची संख्या मोठी होती. गंमत अशी की १ जून ही एस. टी.चीही जन्मतारीख आहे. पहिली गाडी १९४८ साली त्या दिवशी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली. अण्णा हसून म्हणत, गाडीचा वाढदिवस आहे, त्यात आपण उभ्याने प्रवास करतो. त्यांचा वाढदिवस आम्ही कधी केला नाही. तो खोटा आहे असे ते म्हणत आणि आम्ही ते मान्य करत असू.

मुलीने ‘बस’ म्हटले तेव्हा माझ्या मनात काय झाले असेल हे आता सांगायला नको. तिने शहरातली बस मागितली होती; मी एस. टी. बांधायला घेतली. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा पुठ्ठा. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणले, शेजारच्या दुकानातून फ्रीजचा खोका. दहा रात्री जागून गाडीचे तोंड केले, तांबडा रंग दिला, वर मार्गाची पाटी लावली, ‘स्वारगेट – भोर – महाड’. हा अण्णांचा मार्ग. पातळ रंगीत कागदावर दराचे आकडे लिहून तिकिटे केली, रंगाप्रमाणे गड्ड्या लावल्या. कंडक्टरचा बिल्ला केला. आणि कपाटातून अण्णांचा पंच काढला. त्याची स्प्रिंग ढिली झाली आहे, तरी कागदाला अजून नीट भोक पाडतो. आमंत्रणात वेशभूषेची अट घातली नाही एवढे एक शहाणपण मात्र केले. ज्या घरात तसा पोशाख विकत आणता येत नाही त्या घरातल्या मुलाला आपण दारातच वेगळे काढतो.

सहा खुर्च्या, दोन स्टुले, एक दिवाण, अकरा मुले. औक्षण झाले. मुले गाडीत बसली. मी तिकिटांचा ट्रे मुलीच्या गळ्यात अडकवला आणि प्रवाशांना कसे विचारायचे ते सांगू लागले. पहिल्या खुर्चीवरच्या मुलाने तिकीट उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, “कोड कुठंय? स्कॅन कुठं करायचं?” पाच मिनिटांत ट्रे दिवाणाखाली गेला आणि टीव्हीचा रिमोट तिकिटाचे यंत्र झाला. त्याला बटणे होती, तो हातात मावत होता, आणि ‘टर्र’ असा आवाज तोंडाने काढता येत होता. पुढे कोणीतरी जाहीर केले की घाटात फार पाऊस आहे आणि गाडीत पाणी शिरले आहे. मग बस ही बोट झाली. मी म्हटले, “बाळांनो, ही एस. टी. आहे.” कोणी ऐकले नाही. बोटीला वल्ही लागतात, म्हणून गाडीचे तोंड उपटले गेले. दहा रात्रींचे तोंड. दोन मुलांना पंच सापडला होता. ते रुमालांना, पताकांना, मार्गाच्या पाटीला भोके पाडत सुटले होते. मी तो एकाच्या हातातून हिसकावून घेतला आणि ओरडले, “तो खेळ नाहीये!”

ते मूल रडू लागले. खोली शांत झाली. माझी मुलगी पुढच्या स्टुलावरून वळली आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाली, “आई, तू उतर. तुझा स्टॉप आला.”

मी उतरले. म्हणजे स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पावभाजीच्या बशा लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कांदा चिरायला दिला. बाहेर थोड्या वेळाने पुन्हा आवाज सुरू झाला.

वायगॉट्स्कीने १९३३ मध्ये लेनिनग्राडला मुलांच्या खेळावर दिलेले एक व्याख्यान बालशिक्षणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. काठीचा घोडा होतो हे त्यातले उदाहरण सगळ्यांना आठवते. त्याची पुढची अट सहसा आठवत नाही. काठी घोडा होऊ शकते, पोस्टकार्ड होऊ शकत नाही, कारण पोस्टकार्डावर टांग टाकून पळता येत नाही. म्हणजे खेळातली वस्तू हवी ती असून चालत नाही; तिने शरीराला काहीतरी करू दिले पाहिजे. ज्याची ती प्रतिनिधी आहे त्याच्यासारखी ती दिसली पाहिजे असे मात्र मुळीच नाही. त्या संध्याकाळी रिमोट ही काठी होती आणि माझी सुबक तिकिटे पोस्टकार्डे. खुर्च्यांची रांग बस होती, बोट होती, आणखी कितीतरी होऊ शकत होती. पुठ्ठ्याचे तोंड, जोवर ते तोंड होते तोवर, फक्त बसचे तोंड होते. उपटून वल्हे झाल्यावर ते खेळात आले. आणि पंच माझ्यासाठी अण्णा होता. तो आणखी काही होऊ शकत नव्हता. अशी वस्तू मुलांच्या खेळात ठेवणे ही माझी चूक, त्या मुलाची नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मी त्याला सॉरी म्हणाले. तो ते सारे विसरला होता, किंवा तसे दाखवण्याइतका सभ्य होता.

बाजारातल्या पाकिटाला मी नावे ठेवली, पण माझी घरगुती, हातची, पर्यावरणाला धरून केलेली बस त्या पाकिटाहून कमी बंदिस्त नव्हती. पाकिटातला अर्थ कोण्या कंपनीने भरलेला, माझ्या बसमधला मी भरलेला; दोन्हींत मुलीने भरायला जागा ठेवलेली नव्हती. अलीकडे सुशिक्षित घरांत बाजाराला नकार देऊन ‘आमच्या लहानपणीची’ थीम करण्याची पद्धत पडू लागली आहे: गोट्या, विटीदांडू, चुलीचे चित्र, जुन्या पत्र्याच्या पेट्या. मुलाचा वाढदिवस आणि आशयसूत्र पालकांची स्मरणरंजकता, असा हा प्रकार आहे, आणि त्याला संस्कार म्हटल्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. अण्णांचा न झालेला वाढदिवस मला करायचा होता तर तो मी १ जूनला, मोठ्यांना बोलावून, करायला हवा होता.

तरीही थीम नको असे मी म्हणणार नाही. थीम नसलेले वाढदिवस मी पाहिले आहेत. संगीतखुर्ची होते, एकेक मूल बाद होऊन भिंतीशी उभे राहते, शेवटी एकाला बक्षीस मिळते आणि दहा जण केकची वाट पाहतात. आमच्या बसमधून माझ्याशिवाय कोणी बाद झाले नाही. तीन वेगवेगळ्या शाळांतली, एकमेकांची नावे न जाणणारी ती अकरा मुले ‘बस’ या एका शब्दामुळे लगेच खेळू लागली, आणि बस नसती तर बोटही झाली नसती. कथेचा आरंभ कोणीतरी करून द्यावा लागतो. बोरन्हाणात मोठी माणसे माप ओततात आणि मागे सरतात, तेवढेच काम आपले. रात्री फरशीवरून झाडलेली पंचची गोल कागदी टिकली नंतर पुष्कळ दिवस दिवाणाखालून निघत होती. पंच मी पुन्हा कपाटात ठेवला आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला देईन, तेव्हा तिला हवा असला तर.

पुढच्या महिन्यात ती सहा वर्षांची होईल. थीम विचारली तर म्हणाली, “अजून ठरलं नाही. सगळे आले की ठरवू.” फ्रीजचा एक खोका मी सांगून ठेवला आहे. रंग आणलेले नाहीत.