रातच्या खेपा

सोयाबीन निघालं, सीतादही झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की वऱ्हाडातल्या माणसाला आपल्या देहाकडे पाहायला चार दिवस मिळतात. थंडीही त्याच सुमारास पडू लागते आणि घरातल्या साठी ओलांडलेल्या पुरुषाच्या रातच्या खेपा वाढतात. दोनदा उठणारा चारदा उठतो. त्या खेपा घरात सगळ्यांना ऐकू येतात, पण सकाळी कोणी विषय काढत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं बाप्पा, आता हे चालाचंच." दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. ज्या घरांत हा अंक जातो त्यांतल्या कितीतरी घरांत हा त्रास मुकाट्याने सोसणारं माणूस आहे, म्हणून तो इथेच घेतला आहे.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहांतल्या आठांत ही वाढ सापडते, आणि ही वाढ म्हणजे कर्करोग नाही. धार बारीक होते, जोर करावा लागतो, जाऊन आल्यावरही मोकळं वाटत नाही. वेळेवर दाखवलं तर पुष्कळांचं रोजच्या गोळीवर भागतं. नाही भागलं, तर पोट न उघडता दुर्बिणीने ऑपरेशन होतं. इतकं सरळ दुखणं वर्षानुवर्षं लपवलं, की एका रात्री लघवी तुंबते. कधी त्याला निमित्त होते मेडिकलमधून विचारल्याशिवाय आणलेली सर्दीची गोळी. मग पोट फुगून तळमळणारा माणूस, मिळेल ती गाडी, ग्रामीण रुग्णालयात टाकलेली नळी, आणि हातात 'पुढे दाखवा' अशी चिठ्ठी.

त्याहून वाईट घडतं ते आवाज न करता. लघवी मागे साचून मूत्रपिंडांवर दाब येत राहतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कोणाची किडनी गेली, की गाव खाऱ्या पाण्याला दोष देऊन मोकळं होतं. त्या पाण्याचा प्रश्न खराच आहे आणि तो सुटायलाच हवा. पण साठीच्या पुरुषाच्या रक्तात किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, तर मूत्राशय रिकामं होतं का, हेही सोनोग्राफीत पाहिलं पाहिजे. कारण हा अडथळा वेळेत दूर केला तर किडनी वाचू शकते. शिवाय बाहेर जायची पंचाईत नको म्हणून ही माणसं पाणीच कमी पितात. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो त्या मे महिन्यात दुपारभर घोटही न घेणारा म्हातारा दुसरा आजार ओढवून घेतो.

प्रोस्टेटच्या कर्करोगाचं वेगळं. तो सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही आणि पसरतो तो हाडांत, विशेषतः कण्यात. जन्मभर वावरात वाकलेल्या माणसाची कंबर दुखली तर त्यात कोणाला नवल वाटणार? तेल, बाम, मालिश, दुखण्याची सुई यांत महिने जातात. साठीनंतर नव्याने सुरू झालेली, रात्री अंथरुणात अधिक छळणारी आणि आरामाने न हटणारी कंबरदुखी डॉक्टरांना सांगताना लघवीचंही सांगावं. डॉक्टर त्यावरून पुढची दिशा ठरवू शकतात. पीएसए ही रक्ततपासणी उपयोगाची आहे, पण तिचा आकडा नुसत्या वाढीने, जंतुसंसर्गाने किंवा नळी घातल्यानेही चढतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१८ साली सांगितलं, की ५५ ते ६९ वयात ही तपासणी डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावी आणि सत्तरीनंतर चाळणी म्हणून ती सरसकट करू नये. शिबिरात रांगेने सगळ्यांचं रक्त काढायचं, कागदावर आकडा द्यायचा आणि मंडप उतरवायचा, याला मी सेवा म्हणणार नाही. त्या कागदाची भीती माणूस एकटाच घरी घेऊन जातो.

खरी गाठ वेगळीच आहे. आपल्याकडे आरोग्यसेवा घरापर्यंत येते ती आशाताईंच्या पायांनी. तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म त्या भरतात. रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग या साऱ्यांची चाळणी त्यावरून होते. प्रोस्टेट त्या चाळणीत नाही. असता तरी गावच्याच सुनेसमोर सत्तर वर्षांचे आबाजी लघवीचं बोलले नसते, आणि तिलाही ते विचारणं जड गेलं असतं. दोष दोघांचाही नाही. उपकेंद्राचे आरोग्यसेवक पुरुष असतात. हिवतापाचे रक्तनमुने आणि पाण्याची तपासणी यांसाठी ते गावभर फिरतातच. त्यांच्या वहीत चार प्रश्न वाढवावेत: रात्री किती वेळा उठता, धार तुटते का, लघवीत रक्त दिसलं का, कधी तुंबली का. ही आमची जिल्हा परिषदेकडे मागणी आहे, आणि ती आम्ही लेखी पाठवणार आहोत.

दुसरी गोष्ट जागेची. पुरुष दवाखान्यात जात नाहीत, पण जिथे जातात ती ठिकाणं माहीत आहेत. दिवाळीच्या आठवडाभर आधी गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात लाखोंची गर्दी होते. महाराजांचं १९६८ साली निधन झालं ते कर्करोगानेच, आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. हा विषय काढायला आणखीही जागा आहेत: गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेनंतरची दहा मिनिटं, डिसेंबरात भरणारी बहिरमची यात्रा, पौषातल्या रविवारी ऋणमोचन, आणि कटिंगचं दुकान. लॉस एंजेलिसमध्ये ५२ सलूनांतून कृष्णवर्णीय पुरुषांच्या रक्तदाबावर झालेल्या कामाचा अहवाल २०१८ मध्ये आला. न्हाव्याने विषय काढायचा आणि औषधतज्ज्ञाने तिथेच येऊन गोळी सुरू करायची, अशी पद्धत होती. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना न्हाव्याने केवळ डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं, त्यांचा जेमतेम ९ अंकांनी. मला त्यातलं घ्यावंसं वाटतं ते एवढंच, की उपचार खुर्चीपर्यंत चालत आला.

आपल्याकडे तो किती लांब आहे! धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सेमाडोहचा घाट. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, पण ज्याला अर्ध्या तासाला उतरावं लागतं, तो चार तासांच्या बसमध्ये बसणार कसा? अमरावतीत सुपर स्पेशालिटी आहे, तिथे मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. सरकारची विमा योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत अमरावती होतं. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते, २०२४ पासून तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन तिच्यात बसतं. हे माहीत नसलेला माणूस कापूस मिळेल त्या भावात विकून ऑपरेशनचे पैसे उभे करतो. दुसरा नळी आणि पिशवी धोतराच्या सोग्यात लपवून महिनोन् महिने पाराकडे फिरकत नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभारलं, ते समाजाने तोंड फिरवलेल्या कुष्ठरुग्णांसाठी. त्या शहराला या दुखण्यातली लाज दूर करणं जड का जावं?

या अंकात कथा आहेत, कविता आहेत, मेळघाटावरचा दीर्घ लेख आहे. ते सावकाश वाचा. पुण्याहून, हैदराबादहून घरी आलेल्या मुलांना मात्र एक काम सांगतो. वरचे चार प्रश्न आईकरवी विचारू नका. वावरात जाताना किंवा ओसरीवर दोघेच असताना बाबांना स्वतः विचारा. दोन रात्री किती खेपा होतात ते कागदावर लिहून ठेवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या, शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा आणि रुग्णालयात गेल्यावर आधी योजनेच्या आरोग्यमित्राची खिडकी गाठा. भाऊबीजेच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं परतीचं तिकीट काढलं असेल, तर ते रद्द करून सुटीनंतर ओपीडी उघडेल त्या दिवसाच्या संध्याकाळचं काढा.