ब्रॉयलर कोंबड्यांना आंबवलेले धान्य द्यावे काय?

नाताळासाठी म्हणून परसात ब्रॉयलरची पन्नास-शंभर पिल्ले वाढवावयाची, ही पद्धत आपल्या बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ घरांत आहे. त्यात चार पैसे सुटतात आणि सणाला घरची कोंबडीही होते. परंतु खाद्याच्या पोत्याचा भाव ऐकला की उत्साह ओसरतो. कोंबडी वाढविण्यास जो खर्च येतो, त्यातील साठ ते सत्तर टक्के एकट्या खाद्यावर जातो. २०२१ साली सोयापेंडीचा भाव इतका भडकला, की त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन पेंड परदेशांतून आणण्यास परवानगी दिली. मक्याला तर हल्ली इथेनॉलचे कारखानेही गिऱ्हाईक झाले आहेत. अशा वेळी कोणी सांगितले की, "घरची कणी आणि मका आंबवून घाला, पोते विकत घेऊच नका", तर ते गोड वाटावे यात नवल नाही.

आम्ही स्वतः हा प्रयोग करीत आलो आहोत आणि आंबवलेल्या धान्याच्या बाजूचे आहोत. परंतु ज्या रीतीने त्याचा प्रचार चालला आहे, ती रीत आम्हाला पसंत नाही.

आधी गुण सांगतो. सान्ना, आंबोळी, आंबील करणाऱ्या आपल्या गृहिणींना आंबवणे म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. भरड धान्य पाण्यात राहिले की दह्यात असतात त्या जातीचे जंतू वाढतात, आम्ल तयार होते आणि त्या आंबटपणात रोगजंतूंना टिकाव धरता येत नाही. धान्यातील फॉस्फरसचा बराच भाग असा बांधलेला असतो की कोंबडीला तो पचत नाही. आंबवल्याने तो काही प्रमाणात मोकळा होतो. नेदरलँड्समधील प्रयोगांत आंबवलेले पातळ खाद्य खाणाऱ्या ब्रॉयलर पिल्लांना साल्मोनेला जंतूंची लागण सहजी होत नाही असे आढळले, हे २००३ साली प्रसिद्ध झाले आहे. जुलै २०१९ मध्ये आपल्या सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखावयाची औषधे कोंबड्यांच्या पाण्यात ओतणे हा कधीच शहाणपणा नव्हता. तेव्हा पिल्लांचे पोट साध्या उपायाने ठीक राहत असेल, तर तो उपाय जरूर करावा. मात्र राणीखेत आणि गंबोरोच्या लसी त्यामुळे चुकविता येत नाहीत.

आता बचतीचा हिशेब पाहू. फसगत होते ती येथेच. एक किलो मका सव्वा लिटर पाण्यात भिजविला की सव्वादोन किलोचा लगदा होतो. लोक हा लगदा मोजतात आणि म्हणतात, निम्म्या धान्यात भागले! वाढले ते पाणी. धान्य होते तेवढेच आहे. उलट आंबताना त्यातला थोडा भाग जंतूच खातात. म्हणून वजन नेहमी कोरड्या धान्याचे करावे.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. मक्यात प्रथिने सुमारे नऊ टक्के, कणीत त्याहून थोडी कमी. ब्रॉयलरला शेवटच्या आठवड्यांतही एकोणीस-वीस टक्के लागतात आणि लहानपणी बावीस-तेवीस. आंबवून नवाचे वीस होत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घराने गेल्या खेपेस तिसऱ्या आठवड्यापासून पोते बंद केले आणि पन्नास पिल्लांना नुसती आंबवलेली कणी व मका घातला. सहा आठवड्यांनी जी कोंबडी दोन किलोची व्हावी ती सव्वा किलोवरच राहिली. पिल्ले एकमेकांची पिसे उपटू लागली. ठरलेल्या गिऱ्हाइकांनी माल घेतला नाही, आणि मुलांच्या कपड्यांसाठी धरलेले पैसे गेले. त्या घरातील बाईंनी आम्हाला विचारले, "आम्ही चुकलो कुठे?" त्यांना ज्यांनी सल्ला दिला त्यांनी याचे उत्तर द्यावयास हवे होते.

ढोबळ हिशेब असा धरावा : सत्तर किलो धान्य आणि तीस किलो सोयापेंड मिळून वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने होतात. त्यात क्षार, जीवनसत्त्वे आणि मीठ ठरल्या प्रमाणात घालावे. आंबवावयाचे ते फक्त धान्य, आणि पहिल्या खेपेस त्यातलेही निम्मेच. पेंड आणि जीवनसत्त्वांची पूड पिंपात टाकू नये. ती खाद्य देतेवेळी लगद्यात कोरडीच कालवावी. म्हणजे जंतूंनी ती खाण्याचा प्रश्न राहत नाही आणि लगदाही भुरभुरीत होतो. पिल्ले दोन आठवड्यांची होईपर्यंत त्यांना पोत्यातील खाद्यच द्यावे, मग आठवडाभरात हळूहळू बदल करावा. अशाने बचत होते. पण ती घरच्या धान्याच्या किमतीएवढी, त्याहून जास्त नाही. गावठी कोंबड्यांना मात्र हे खाद्य अधिक मानवते, कारण त्यांना सहा आठवड्यांत दोन किलो व्हावयाची घाई नसते.

एक चूक आमची स्वतःचीही सांगतो. एका जुलैत बुरशी धरलेला मका आम्ही "आंबला की शुद्ध होईल" म्हणून पिंपात टाकला. पिल्ले सुस्तावली, काही दगावली. बुरशीचे विष आंबवल्याने जाईल असा भरवसा धरता येत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले ते भुईमुगाच्या पेंडीतील अशाच विषाने. हिरवी वा काळी बुरशी दिसली, कुजका वास आला, तर तो माल कोणत्याही जनावरास घालू नये, पुरून टाकावा.

पावसाळ्यात ओल्या खाद्याने तुसाची गादी भिजते, अमोनियाचा वास सुटतो आणि रक्ती हगवण येते. दोन-तीन तासांत संपेल इतकेच खाद्य द्यावे व भांडी रोज धुवावीत. कंपनीच्या करारावर पिल्ले घेणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. खाद्य कंपनीचे असते आणि दुसरे काही घातल्यास हिशेबाच्या वेळी वाद होतो.

नाताळची पिल्ले नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास आणावी लागतात. तेव्हा आपल्याकडे रात्री गार असतात आणि उन्हाळ्यात एका दिवसात आंबणारे धान्य दोन-तीन दिवस घेते. पिंप चुलीजवळ ठेवावे आणि आधीच्या आंबवणातील तांब्याभर नव्यात घालावे. पिंप प्लास्टिकचे किंवा मातीचा रांजण असावा. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे नको, आंबट पाण्यात जस्त उतरते.