फळ्याकडून पडद्याकडे

एकदा शाळेत रुजू झालेला शिक्षक निवृत्त होऊनच बाहेर पडतो, ही समजूत महाराष्ट्रातील मध्यमवर्गात पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती. कायम नोकरी, ठरलेले वेतन आणि निवृत्तिवेतनाची हमी हे या समजुतीचे तीन आधार. गेल्या पंचवीस वर्षांत हे तिन्ही आधार एकेक करून खचत गेले. साहजिकच तरुण शिक्षक अन्य वाटा शोधू लागले असून, ‘युजर एक्स्पिरियन्स डिझाइन’ ही त्यांपैकी एक आहे. ही वाट शिक्षकाच्या अंगभूत कौशल्यांना साजेशी आहे, यात शंका नाही. मात्र ती जितकी सोपी असल्याचे सांगितले जाते, तितकी ती आता राहिलेली नाही.

शिक्षक बाहेर का पाहू लागला, याची कारणे धोरणांत आहेत. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर जाऊ लागली. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये करण्यात आले. तोवर प्राथमिक शिक्षणसेवकाला दरमहा सहा हजार रुपयांत भागवावे लागत होते. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. विनाअनुदानित शाळांतील शिक्षक अनुदानाच्या टप्प्यांसाठी वर्षानुवर्षे आझाद मैदानावर धरणे धरत आले, तर महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची उमेदीची वर्षे तास मोजण्यात सरली. त्यातच, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. परिणामी, अनेक वर्षे शिकविणाऱ्यांवरही परीक्षार्थी होण्याची वेळ आली.

या पार्श्वभूमीवर यूएक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. संकेतस्थळ वा मोबाइल अ‍ॅप वापरणाऱ्याला काय हवे आहे, तो कुठे अडतो आणि का अडतो, हे शोधून त्यानुसार पडद्याची व व्यवहाराच्या पायऱ्यांची मांडणी करणे हे या क्षेत्राचे काम. रंगसंगती हा त्याचा एक छोटा भाग झाला. डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ १९९३ मध्ये ‘अ‍ॅपल’मध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांनी आपल्या पदनामात ‘युजर एक्स्पिरियन्स’ हे शब्द घेतले आणि पुढे ते रूढ झाले. दार ओढावे की ढकलावे हे माणसाला कळत नसेल, तर दोष माणसाचा नसून दाराचा आहे, हे त्यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात पटवून दिले होते.

चांगल्या शिक्षकाला हे तत्त्व नवे नाही. अर्धा वर्ग एकाच गणितात एकच चूक करतो, तेव्हा मुलांना दोष न देता तो आपली समजावण्याची पद्धत तपासतो. जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले, की पाच जणांना एखादी प्रणाली वापरायला देऊन नुसते पाहिले, तरी तिच्यातील बहुतेक दोष उघडे पडतात. पाच वह्या तपासून धडा कुठे फसला हे ओळखणाऱ्या शिक्षकाला त्यात नवल वाटणार नाही. अवघड विषयाचे टप्पे पाडणे, न बोलणाऱ्या मुलाची अडचण ओळखणे आणि सूचना मोजक्या शब्दांत देणे या सवयी दुसऱ्या व्यवसायातून येणाऱ्यांना सहजासहजी लागत नाहीत.

तथापि, कौशल्य असणे आणि नोकरी मिळणे यांत मोठे अंतर आहे. २०२१ मध्ये ‘गूगल’ने पदवीची अट नसलेला, काही महिन्यांत पूर्ण होणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणला आणि या क्षेत्राचे दार सर्वांना खुले झाल्याचे चित्र निर्माण झाले. दुसरीकडे, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई आयआयटीच्या अभिकल्प केंद्रात याच विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला दोन वर्षे लागतात. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा केलेल्या कामाचे नमुने पाहिले जातात. त्यातच बाजाराने पाठ फिरवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘मेटा’ने ११ हजार, तर जानेवारी २०२३ मध्ये ‘गूगल’ने १२ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. शिक्षकांना जवळच्या वाटणाऱ्या शिक्षण-तंत्रज्ञान उद्योगालाही उतरती कळा लागली. जुलै २०२४ मध्ये ‘बायजूज’विरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. वर्णन लिहिताच पडद्याचा आराखडा तयार करून देणारी साधने आज उपलब्ध आहेत. नवशिक्याला सुरुवातीला मिळणारे रेखाटनाचे काम त्यामुळे आटू लागले आहे. माणसांशी बोलून त्यांची गरज ओळखण्याचे काम मात्र यंत्राच्या हाती सहज जाणारे नाही. शिक्षकाचे बळ नेमके तिथेच आहे. परंतु तिथवर पोहोचण्याची पहिली पायरीच अरुंद झाली आहे.

म्हणूनच, हातची नोकरी सोडून मग शिकायला लागणे धोक्याचे आहे. विशेषतः सातव्या वेतन आयोगानुसार वेतन घेणाऱ्या कायम शिक्षकाने नव्या क्षेत्रातील उमेदवारीचे उत्पन्न आणि घराचे हप्ते यांचा हिशेब आधी मांडावा. मानधनावर असलेल्याला गमावण्यासारखे कमी असते, पण त्याच्याकडे थांबण्याइतकी शिल्लकही नसते. प्रवेशाचा अर्ज, पालकांना जाणारी सूचना, निकालपत्रक यांपैकी एखादी आपल्याच शाळेतील अडचण घेऊन, वापरणाऱ्यांचे निरीक्षण करून ती सोडविली, तर काल्पनिक अ‍ॅपच्या दहा चित्रांपेक्षा तो नमुना अधिक बोलका ठरेल.

या स्थलांतराची दुसरी बाजू शासनासाठी आहे. २०१५ पासूनची ‘सरल’ प्रणाली, २०१७ मधील ‘दीक्षा’ आणि नंतर येत राहिलेली अ‍ॅप यांत माहिती भरण्यात शिकविण्याचा वेळ जातो, अशी शिक्षक संघटनांची तक्रार आहे. या प्रणालींच्या आखणीत शिक्षकांना स्थान मिळाले, तर हा जाच कमी होऊ शकतो. ज्यांना हे काम जमते, त्यांना सेवेतील हक्क राखून काही काळ अशा कामावर घेता येणार नाही काय? समोरच्याला काय कळले नाही हे ओळखणारी माणसे समाजाला नेहमीच कमी पडतात. अशा माणसांना वर्गात राहणे परवडत नसेल, तर त्याची किंमत शेवटी मागे राहिलेल्या मुलांनाच मोजावी लागेल.