समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट आहे का?

लाईट गेली की आपण पहिलं काय करतो? कंप्लेंट नंबर शोधत नाही. गॅलरीत जातो आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट आहे का ते बघतो. तिकडेही अंधार असेल तर निवांत बसायचं. फक्त आपल्याकडेच असेल तर मेन स्विच बघायचा. माझी आजीसुद्धा हेच करायची, आणि तिने नेटवर्किंगचा कुठलाही कोर्स केला नव्हता :)

हे आठवायचं कारण म्हणजे गेली तीन वर्षं मी ज्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरसमोर रात्रपाळी करतोय, त्याला गॅलरीच नाहीये.

आधी काम काय ते सांगतो. अमेरिकेतल्या एका केबल कंपनीचं (नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे) ब्रॉडबँड नेटवर्क आम्ही पुण्यात बसून बघतो. टीव्हीच्याच कोअ‍ॅक्स केबलवरून इंटरनेट. त्यासाठीचं स्टँडर्ड डॉक्सिस, पहिली आवृत्ती 1997 ची. स्क्रीनच्या डावीकडे एक झाड असतं. रीजन उघडा, त्यात हब. हबमध्ये सीएमटीएस, म्हणजे कंपनीच्या बाजूने सगळ्या मोडेमशी बोलणारं मशीन. मग त्याचे पोर्ट, पोर्टवर फायबर नोड, आणि नोडखाली एकदम चारशे-पाचशे मोडेमची लांबलचक यादी. प्रत्येक पायरीला अधिकचं चिन्ह आणि हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका.

दिसायला झकास आहे. पण ती शेवटची उडी बघा. नोडपर्यंत फायबर येतं, तिथून पुढे कोअ‍ॅक्स गल्लोगल्ली फिरते. वाटेत सिग्नल क्षीण होतो म्हणून मध्ये मध्ये अ‍ॅम्प्लिफायर, मग टॅप, आणि टॅपमधून एकेका घरात वायर. म्हणजे खऱ्या झाडाला सगळ्यात जास्त फांद्या इथेच फुटतात, आणि आमच्या झाडात नेमकं इथेच काही नाही! कारण साधं आहे. सॉफ्टवेअर एसएनएमपीने प्रश्न विचारतं आणि जो उत्तर देतो त्याला झाडात जागा मिळते. सीएमटीएस बोलतो, मोडेम बोलतो. खांबावरचा साधा अ‍ॅम्प्लिफायर मुका. त्याचा पत्ता प्लांटच्या नकाशात असतो, आणि तो नकाशा वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळ्या टीमकडे.

आता यातून काय होतं ते ऐका. गेल्या हिवाळ्यात एक तिकीट आलं. एका गिऱ्हाईकाचं नेट रोज संध्याकाळी तुटायचं. टेक्निशियन दोनदा घरी जाऊन आला होता, मोडेम बदलून झाला होता. दुसऱ्या भेटीत त्याला सांगितलं गेलं की तुमच्या घरातलं वायरिंग खराब आहे. बिचाऱ्याने स्वखर्चाने ते बदलून घेतलं. नेट तुटतच राहिलं.

मी नोडवर क्लिक केलं. हिरवागार. का? तर तिथे दिसते सरासरी. त्या नोडवर 412 मोडेम होते. 381 जणांचा सिग्नल-टू-नॉइज रेशो 37 डेसिबलच्या आसपास, आणि 31 जणांचा 28. सरासरी काढा, 36.3 येते. लाल होण्याची मर्यादा 33. त्या 31 जणांमध्ये आपलं हे गिऱ्हाईकही होतं, पण यादी मॅक अ‍ॅड्रेसप्रमाणे लावलेली, त्यामुळे ते 31 जण चारशेजणांत विखुरलेले. एकमेकांचे शेजारी आहेत हे कळणार कसं?

मी बिलिंगमधून पत्ते काढले, एक्सेलमध्ये रस्त्याप्रमाणे लावले आणि नकाशावर टाकले. (हे माझं काम नाही, पण रात्री तीन वाजता कोण विचारतंय?) सगळे एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे. त्याच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं.

मला राग येतो तो इथे. त्या टेक्निशियनने मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जे झाड दाखवलं होतं त्यात नोड ठीक होता आणि त्याखाली थेट मोडेम. मग दोष घरातच असणार ना! जी पायरी आपण काढलीच नाही, तिच्यावर कोणी बोट ठेवूच शकत नाही, आणि भुर्दंड गिऱ्हाईकाला.

अपस्ट्रीमला तर उलटाच प्रकार. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अजून घराकडून कंपनीकडे जाणारा सिग्नल 5 ते 42 मेगाहर्ट्झमध्ये असतो. सीबी रेडिओ 27 वर, शॉर्टवेव्हही त्याच भागात. एखाद्या घरातला कनेक्टर ढिला असला की हे सगळं केबलमध्ये घुसतं, आणि सगळ्या घरांचा कचरा वर जाताना नोडपाशी एकत्र होतो. त्रास सगळ्या नोडला, आणि ज्याच्या घरातून घाण येते त्याचाच मोडेम बहुतेक वेळा इतरांइतकाच ठणठणीत दिसतो. मग टेक्निशियन एकेका अ‍ॅम्प्लिफायरपाशी जाऊन एकेक फांदी क्षणभर बंद करून बघतो, नॉइज कमी झाला का. तो माणूस त्या थंडीत खऱ्या झाडावरून चालतोय, आणि आम्ही एसीत बसून खोट्या झाडावर क्लिक करतोय.

आमचा लीड म्हणतो, "अरे, अ‍ॅम्प्लिफायरला आयपी कुठे आहे? झाडात टाकणार कसा?" आणि वर हेही की नकाशे जुने आहेत, चुका निघतील. आता डॉक्सिस 4.0 बरोबर स्वतःची खबर देणारे अ‍ॅम्प्लिफायर यायला लागलेत, तेव्हा बघू म्हणे. मला हे पटत नाही. जुना माल खांबावरून उतरायला वर्षं लागतील. आणि चुकीचा नकाशा निदान चुकलेला तरी दिसतो, गाळलेली पायरी दिसतच नाही. अ‍ॅम्प्लिफायर बोलत नसेल, पण त्याच्यामागचे 31 मोडेम एका सुरात बोलतायत की!

माझं मागणं फार नाही. झाड वरून खाली उघडायच्या ऐवजी मोडेमपासून वर जाता यावं, आणि प्रत्येक मोडेमपाशी 'शेजारी' असं एक बटण असावं. त्याच टॅपवरचे, मग त्याच अ‍ॅम्प्लिफायरमागचे. टेक्निशियनची गाडी निघायच्या आधी ते एकदा दाबणं सक्तीचं करा.

ही रिक्वेस्ट गेल्या वर्षीपासून बॅकलॉगमध्ये पडून आहे. तोवर मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे, पत्ता दिला की आजूबाजूच्या मोडेमचे आकडे काढून देते. आमच्या शिफ्टमधले चौघंजण ती वापरतात. त्या गिऱ्हाईकाला वायरिंगचे पैसे परत मिळाले का, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. तिकीट 'रिझॉल्व्हड' करून बंद झालंय.