ट्रॉलीच्या पिनीला "चालतंय की" चालत नाही



कारखान्यांचे बॉयलर पेटायला आता फार दिवस राहिले नाहीत. टोळ्या येतील, ट्रॉल्या बाहेर पडतील आणि पुन्हा तोच तमाशा सुरू होईल. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची आणि हूकचं माप तिसऱ्याच वेल्डरचं. ऊस भरून फडात उभा आणि दोन माणसं पहार-हातोडा घेऊन पिन ठोकत बसलेली. कुणाला बोललं की उत्तर ठरलेलं, "चालतंय की." नाही चालत. आज त्यावरच लिहितोय आणि जरा कडक लिहितोय, राग मानू नका. मानलात तरी हरकत नाही.

मला एक सांगा. तुमचा रोटाव्हेटर कुठल्याही कंपनीचा असू द्या, तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला बसतो का नाही? बसतो. कारण शाफ्टला सहा खाचा, जाडी ३५ मिमी, फेरे ५४०, हे सगळ्यांनी मान्य केलंय. नांगर, पल्टी, पेरणीयंत्र यांचंही तसंच. खालच्या लिंकची पिन कॅटेगरी १ ला २२ मिमी आणि कॅटेगरी २ ला २८ मिमी. छोटा असेल तर बूश घाला, काम झालं. म्हणजे जमिनीत चार-सहा इंच चालणाऱ्या अवजाराला जगभर माप आहे, आणि भर रस्त्यानं पंधरा-वीस टन ऊस घेऊन शाळेच्या पोरांच्या बाजूनं जाणाऱ्या ट्रॉलीला मात्र ज्याच्या त्याच्या मनाचं माप!

याचं कारण उघड आहे. ट्रॅक्टर कारखान्यात बनतो, ट्रॉली गावाच्या फाट्यावर बनते. वर्कशॉपात जो बार पडलेला असेल त्याची पिन, गॅस कटरनं जेवढं भोक पडेल तेवढं भोक. उन्हाळ्यात आमच्या भावकीतल्या पाच ट्रॅक्टर आणि नऊ ट्रॉल्यांची मापं मी व्हर्नियरनं घेतली. पिना निघाल्या १९, २२, २५, २८ आणि ३२ मिमीच्या. दोन ठिकाणी तर बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलेला. सळई ही काँक्रीटमध्ये गाडायला असते, ट्रॉली ओढायला नाही, हे अजून सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं.

आता हिशेब बघा, दहावीपर्यंतच्या गणितात बसतो. पिन किती ताण सोसणार हे तिच्या जाडीवर नाही, कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं. २० मिमीच्या पिनीचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, ३० मिमीच्या पिनीचं ७०७. जाडी दीडपट, ताकद सव्वादोन पट. त्यात पिन वरून आणि खालून दोन्हीकडं जबड्यात धरलेली असली तर ती दोन जागी तुटल्याशिवाय सुटत नाही. एकाच पट्टीत लोंबकळत असेल तर एका जागी कापली की खेळ खलास, आणि कापायच्या आधी ती वाकते.

पण माझा खरा राग बारीक पिनीपेक्षा ढिल्या पिनीवर आहे. ३२ च्या भोकात २२ ची पिन घातली तर १० मिमीची मोकळीक राहते. उचलताना एक दणका, ब्रेक दाबला की उलटा दणका, खड्ड्यात आणखी एक. फडापासून काट्यापर्यंत असे किती दणके होतात मोजून बघा. पिन नुसती ओढत नाही, घणासारखी ठोकत राहते. भोक लांबट होतं, मग मोकळीक वाढते, मग दणका वाढतो. ड्रायव्हर म्हणतो ट्रॅक्टर झटका मारतोय, क्लच बघा. क्लचचा काय दोष?

उलट्या टोकाला जाऊन सगळं टाईट करणारेही आहेत. तेही चुकीचं. जबड्याचं भोक पिनीपेक्षा दोन मिमी मोठं पुरतं, पण ट्रॉलीच्या कडीला पाच-सहा मिमी जागा आणि गोल केलेल्या कडा लागतात. नाहीतर बांध ओलांडताना ट्रॅक्टर खाली आणि ट्रॉली वर अशी वेळ आली की कडी जबड्यात अडकते आणि दांडी वाकते.

म्हणून आम्ही ठरवलेलं माप असं: पिन ३० मिमी, ईएन-८ ची, लेथवर करून घेतलेली. जबडा ३२, कडी ३६. पिनीला वर टोपी, खाली आर पिन. तारेचा वेढा नाही, खिळा नाही. वर एक जाड साखळी, वळणापुरती ढिली. पाच ट्रॅक्टर आणि नऊ ट्रॉल्यांचं हे काम एका डिझेल टाकीच्या खर्चात कुणाचं होणार नाही, हे कबूल. पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेला खर्च एका टायरच्याही खूप आत आहे.

जाडीइतकंच उंचीचं. आमच्याकडं ड्रॉबार जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास येतो. ट्रॉलीची दांडी उंच आली की लोक काय करतात? ड्रॉबार सोडून वर, टॉप लिंकच्या जवळ हूक लावतात. मागच्या धुऱ्याच्या वर ओढ आली की ट्रॅक्टर मागं उलटायला बघतो. चढावर पुढची चाकं उचलतात आणि स्टेअरिंग हवेत. मग बंपरवर दगडाची पोती बांधायची आणि वर फुशारकी, "आमचा गडी दोन चाकांवर कारखाना गाठतो." त्या गड्याच्या घरी जाऊन हे बोलून दाखवा. दांडी कापून खाली घ्या, हूक वर नेऊ नका. आणि ट्रॅक्टरच्या मूळ ड्रॉबारवर वेल्डिंग मारू नका, तापलेल्या जागेच्या शेजारीच तडा जातो.

आता लोकांचे आक्षेप. एक जण म्हणाला, सगळ्यांचं माप एक झालं तर माझी ट्रॉली कुणीबी ओढून नेईल. बाबा रे, त्यासाठी कुलूप असतं. दुसरा म्हणाला, बूश घालून भागवू. पाण्याच्या टँकरला घाल, उसाच्या जोडट्रॉलीला नको, बूश फुटला की परत तीच १० मिमीची मोकळीक.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. माप एक झालं तर १८ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरलाही मोठी ट्रॉली जोडता येईल, आणि कुणीतरी जोडेलच. खरं आहे. आज न बसणारी पिन हाच एक अडसर होता म्हणा ना. त्यावर आम्ही ट्रॉलीच्या दांडीवर रंगानं टन लिहिले आणि छोट्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर "ऊस नाही" असं लिहून टाकलं. हूक बसतो म्हणजे ट्रॅक्टरला ओढ झेपते असं नाही, आणि ओढ झेपली तरी उतारावर ब्रेक झेपतील असं मुळीच नाही.

कृषी खात्यातले आणि कारखान्याच्या शेती विभागातले साहेब लोक ही नोंद वाचतात, म्हणून त्यांनाही दोन शब्द. तुम्ही मेळाव्यात जात सांगता, सरी सांगता, ठिबक सांगता, सगळं उपयोगाचं. पण तोडलेला ऊस जितका उशिरा गाळपाला जाईल तितकं वजनही घटतं आणि उताराही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग पिन बसत नाही म्हणून फडात तासन्‌तास वाया गेले तर ते कुणाच्या खात्यात धरायचे? करार करताना ट्रॉलीचा कागद बघता, रिफ्लेक्टर लावता. त्याच वेळी पिनीला एक गेज लावून बघायला किती वेळ लागतो? एक मिनिट.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, हूकला कुंकू लावतो. यंदा कुंकू लावताना बोटानं भोक चाचपून बघा, गोल आहे का लांबट.

पत्र्याचा गेज मी कापून ठेवलाय, एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३२ आणि ३६. गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असतो. ज्याला लागेल त्यानं न्यावा, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून टांगावा.