‘मूक’ कोण?

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे व सुटे भाग बनविणाऱ्या असंख्य लहानमोठ्या कारखान्यांच्या दाटीत तयार कपड्यांचेही कारखाने आहेत. तेथे शिवणयंत्रावर बसणारे हात बहुतांशी स्त्रियांचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने फर्मान काढले की, भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शाची रक्कम कामगाराला वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. ज्यांची कंबर आणि डोळे चाळिशीच्या आतच जबाब देतात, त्यांना अठ्ठावन्नाचा वायदा! १८ आणि १९ एप्रिलला हजारो स्त्रिया कारखान्यांतून बाहेर पडल्या. होसूर रस्त्यावर सुरू झालेला हा उद्रेक दुसऱ्या दिवशी पीण्याजवळच्या तुमकूर रस्त्यावरही पोचला आणि त्याच दिवशी सरकारला फर्मान मागे घ्यावे लागले. कोणत्याही संघटनेने हाक दिलेली नव्हती. आम्ही मागाहून पोचलो, हे कबूल केलेले बरे.

या स्त्रियांविषयी तोवर जे काही लिहिले जाई त्यात एक शब्द हमखास असे: ‘मूक’. मूक कष्ट, मूक त्याग. हा शब्द आपल्याकडे फार जुन्या घरातून आला आहे.

वाल्मीकीच्या रामायणात विवाहप्रसंगानंतर ऊर्मिला जवळजवळ दिसतच नाही. रामाच्या वनवासाची चौदा वर्षे मोजली जातात. पतीवाचून अयोध्येत राहिलेल्या या स्त्रीची तीच चौदा वर्षे कोणाच्याच हिशेबात नाहीत. काव्याने उपेक्षिलेल्या या स्त्रीकडे रवींद्रनाथांनी लक्ष वेधले, मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला मध्यभागी आणले, ज्या भाषेत पीण्याच्या कामगार स्त्रिया बोलतात त्या कन्नडमध्ये कुवेंपूंनी तिच्या तपस्येला स्थान दिले. हे मोठेच काम झाले. पण ‘तपस्या’ म्हटले की हिशेब मिटतो, हीही शंका मनातून जात नाही. तपस्येला मजुरी नसते आणि तपस्विनीला कोणी विचारीत नाही की, बाई, तुला हे हवे होते का?

तेलुगू स्त्रियांच्या गाण्यात मात्र निराळी ऊर्मिला आहे. ती चौदा वर्षे झोपते. पती परततो तेव्हा त्याला ओळखीत नाही. परका पुरुष समजून चांगली फैलावर घेते. ही गाणी उच्चवर्णीय घरांतील आहेत, तेव्हा त्यांत कष्टकरी स्त्रीचा आवाज शोधणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही चौदा वर्षांची झोप ही कल्पना पहाटे उठून चूल पेटविणाऱ्या स्त्रीलाच सुचू शकते! आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतही सीतेचा वनवास बायकांनी आपला मानून गायिला. म्हणजे मूक कोणीच नव्हते. लिहून ठेवणारे बहिरे होते.

आणि आपण? मी भाषांतराचे काम करीत असल्याने दिवंगत कॉम्रेडांवरचे श्रद्धांजलीलेख माझ्या हाताखालून जातात. तुरुंगवास, भूमिगत काळ, संपांची वर्षे हे सारे तारखांनिशी. अखेरीस एक वाक्य: ‘त्यांच्या पत्नीने त्यांना मोलाची साथ दिली.’ १९४८ नंतर पक्ष भूमिगत असताना भाकरी कोणी मिळविली, रात्री दार ठोठावणाऱ्या पोलिसांना उत्तर कोणी दिले, निरोप कोणी पोचविले, हे त्या वाक्यात मावत नाही. तिला कधी पक्षसभासदत्व दिले होते काय, हेही नाही. एंगल्सने १८८४ मध्येच कुटुंबातील स्त्रीदास्याची मुळे खाजगी मालमत्तेत दाखविली. तो ग्रंथ आपण अभ्यासवर्गात शिकवितो, आणि चहा आतून येतो.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील की, हा वैयक्तिक तपशील आहे, वर्गलढ्याच्या इतिहासात त्याला जागा नाही. पीण्यातील स्त्रियांनी ज्यासाठी रस्ता अडविला तोही तपशीलच होता: मुलीची फी, आईचे औषध, गावचे कर्ज. त्या तपशिलाने केंद्र सरकारला दोन दिवसांत माघार घ्यायला लावली.

परवा असाच एक श्रद्धांजलीलेख भाषांतरासाठी आला. त्यात पत्नीचा उल्लेख आहे, नाव नाही. लेख बाजूला ठेवून मी त्यांच्या शाखेला पत्र पाठविले आहे: बाईंचे नाव कळवा, त्या काळात त्या कोणते काम करीत होत्या तेही कळवा, आणि हयात असतील तर कृपया त्यांनाच विचारा.