तीन लाखांची मर्यादा

‘मर्यादित’ या शब्दाशी माझी ओळख कॉमर्सच्या पहिल्या वर्षापासूनची. कंपनी मर्यादित म्हणजे भागधारकाची जबाबदारी मर्यादित. कंपनी बुडाली तरी त्याच्या बायकोच्या पाटल्यांना हात लागत नाही. पुढे बँकेत चिकटलो आणि ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ अशा शिक्क्यांचे चेक वटवता वटवता बावीस वर्षं गेली. तेव्हा या शब्दावरून मला कुणी चकवील असं वाटलं नव्हतं. पण परवा आमच्या कन्येने जपानहून एक सीडी मागवली.

कन्या जपानी शिकते आणि माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. या दोन आपत्तींच्या संगमातून ती सीडी घरी आली. गायिका अयुमी हामासाकी, गाणं ‘कानारिया’, साल १९९९.

“बाबा, लिमिटेड एडिशन आहे!”

“किती प्रती काढल्या होत्या?”

“फक्त तीन लाख.”

मी चहाचा कप खाली ठेवला. अहो, आमच्याकडे कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघतात, त्यातल्या चारशे कवीच्या पलंगाखाली हयात काढतात. पण ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणण्याचा धीर त्या बापड्याला होत नाही!

पुढची हकिकत त्याहून सुरस आहे. हे गाणं त्या बाईंच्या नोव्हेंबर १९९९च्या अल्बममध्ये आधीच होतं. महिन्याभराने, ८ डिसेंबरला, तेच पुन्हा सुटं काढलं, सोबतीला निरनिराळे ठोके घातलेले त्याचेच अवतार दिले, आणि एवढ्याच प्रती, मग मिळायची नाही, असं सांगितलं. लोकांनी उड्या टाकल्या. ऑरिकॉनच्या खपाच्या यादीत गाणं पहिलं! बाईंच्या गळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण त्या ‘फक्त’शी आहे.

गाणं ही वस्तू मुळात मर्यादित होऊच शकत नाही. शेजाऱ्याने पेढा खाल्ला तर माझा एक पेढा कमी होतो. गाणं ऐकलं तर काय कमी होतं? (आमच्या शेजाऱ्याने ऐकलं तर उलट मलाही ऐकावं लागतं.) मर्यादित असते ती प्लॅस्टिकची चकती. आणि खपते ती चकतीही नव्हे, धास्ती खपते. नोव्हेंबर २०१६मध्ये मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. पैसे काढायला मर्यादा घातली रे घातली, की एरवी सहा महिन्यांत बँकेचं तोंड न पाहणारा गृहस्थ पहाटे पाचला डबा घेऊन रांगेत! हवे किती होते? ते त्यालाही ठाऊक नसायचं. पण तिथे निदान स्वतःचे पैसे होते. इथे स्वतःचे पैसे देऊन धास्ती विकत घ्यायची.

एकदा या धास्तीची चटक लागली की माणूस कुठवर जातो? जपानमध्येच पुढे ‘एकेबी४८’ या मुलींच्या गटाने सीडीत मतपत्रिका घातल्या. जितक्या सीड्या तितकी मतं. २००९पासून या निवडणुका रंगल्या. २०१७ साली फुकुओकातल्या डोंगरात ५८५ सीड्या फेकून दिलेल्या सापडल्या. मतं देऊन झाली होती, उरलेलं गाणं कचऱ्यात.

आणि त्याच देशात सर्वांत जास्त खपलेली सिंगल कोणती? १९७५च्या डिसेंबरातलं, मासातो शिमोन यांनी गायलेलं, तव्यावरून पळून समुद्रात पोहायला गेलेल्या माशाच्या आकाराच्या गोड पोळीचं गाणं! पोरासोरांचं. पंचेचाळीस लाखांच्या वर प्रती गेल्या. ज्याला हवी त्याला मिळाली, आणि त्यामुळे त्या पोळीचं काही वाकडं झालं नाही.

हे सगळं मी कन्येला सांगितलं. तोवर भाच्याचा फोन आला. सीडी जुन्या सामानाच्या दुकानात टोपलीत पडली होती, शे-सव्वाशे येनला. टपालखर्च त्याच्या कितीतरी पट! हा खर्च कन्येने शिकवणीच्या कमाईतून केलेला. बरं, घरात सीडी वाजवायचं यंत्र नाही. गाणं ती मोबाईलवरच ऐकते. सीडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात.

“अगं, मग घेतलीस कशाला?”

“बाबा, तुमच्या कपाटात ७८६ने संपणाऱ्या दहाच्या नोटांचं पाकीट आहे. त्या कधी खर्च करणार?”

त्या नोटांची गोष्ट वेगळी आहे, असं मी तिला बजावलं आणि जेवायची पानं घ्यायला सांगितली.